रिकामा आलेला डबा

बेल वाजली तेव्हाच सुरेखाला कळलं की ही नागासेबाईंची. एकदाच आणि तीही अर्धवट; वाजवून पुन्हा आपणच ओशाळल्यासारखी. ती दारापर्यंत पोचली तोवर बाई पायरीवर डबा ठेवून मागे सरल्या होत्या आणि फुटपाथच्या कडेला उभ्या होत्या, मास्कच्या वर फक्त डोळे. त्या कमरेतून वाकल्या, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ, आणि एक शब्दही न बोलता आपल्या घरात गेल्या. सुरेखाने डबा उचलला आणि तिचा हात चुकला. अंधारात जिन्याची शेवटची पायरी अजून आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. भरल्या डब्याच्या बेताने तिने जोर लावला होता आणि हातात आलं नुसतं स्टील. तिने तिथेच, उंबऱ्यात उभं राहून झाकण काढलं. डबा रिकामा होता. आणि घासलेलाही नव्हता. तळाशी तेलाचा ओघळ, कडेला चिकटलेले तीळ, कोथिंबिरीचं एक काळपट पान. तिनेच आठवड्यापूर्वी दिलेल्या कोथिंबीरवड्यांचं जे उरलं होतं ते सगळं तसंच्या तसं परत आलं होतं. समोरून सायकलवरून चाललेल्या पोस्टमनने हात केला, तिनेही केला. दार लावताना तिच्या लक्षात आलं की आपले कान तापले आहेत, शाळेत सगळ्या वर्गासमोर उभं केल्यावर तापायचे तसे.

डबा साधासुधा नव्हता. कडीचा, जाड पत्र्याचा, आणि झाकणावर बारीक टिंबाटिंबांनी घातलेलं नाव: सौ. कमल. आईच्या लग्नात आलेला. बाबा गेल्यावर आईने तो वापरातून काढला. नावाआधीचं ते 'सौ.' खरवडून काढता येत नव्हतं आणि बघवतही नव्हतं. सुरेखाच्या लग्नात तिने तो मुलीच्या सामानात घातला, म्हणाली, तुझ्याकडे शोभेल. तो मिरजेहून पुण्याला आला आणि पुण्याहून नेदरलँड्समधल्या न्यूनेनला, आशुतोषच्या नोकरीच्या मागोमाग. आशुतोष आइंडहोवनला चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कंपनीत, आणि सुरेखा, जी पुण्यात ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, ती इथे लोकांच्या लेखी आशुतोषची बायको. हे तिने कधी बोलून दाखवलं नाही. तिच्यात ताठा होता, आणि तिला तो आवडायचाही. मात्र जे काही तिच्या हातून बाहेर जाई, मग ती लेकीच्या, संहिताच्या शाळेत दिलेली चकली असो की खिडकीत लावलेलं तोरण, ते असं असायचं की बघणाऱ्याने मान डोलवावी. हाताला गुण आहे, असं तिची आई म्हणायची. या देशात तिचं जे काही होतं ते त्या हातात होतं.

नागासेबाई शेजारी राहायच्या, भिंतीला भिंत लागून, आणि तरी कित्येक वर्षं दोघींमध्ये फक्त नमस्कार होता. बाईंचे यजमान फार पूर्वी टीव्हीच्या काचा करणाऱ्या कारखान्यात जपानहून आले, इथेच निवृत्त झाले आणि इथेच गेले. बाई राहिल्या. सत्तरी ओलांडलेल्या, चणीने लहान, रोज सकाळी खराट्याने दारापुढचा फुटपाथ झाडणाऱ्या. झाडता झाडता त्या सुरेखाच्या हद्दीत वीतभर यायच्या. वीतभरच. सुरेखाने एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, अगदी रेघेवर थांबलं तर तुसडेपणा होतो, आणि तुमचं सगळंच झाडलं तर तुम्हाला आळशी म्हटल्यासारखं होतं. सुरेखा त्या दिवशी घरात येऊन मनाशी हसली होती. इतका बारीक विचार तिला फक्त आपल्या आईने केलेला ठाऊक होता.

मग तो मार्च आला, सगळं बंद झालं, आशुतोष जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसला, संहिता माडीवरून शाळा शिकू लागली, आणि पाडव्याला श्रीखंड-पुरी कुणाला द्यायची हा प्रश्न पडला. सुरेखाने कडीचा डबा भरून शेजारच्या पायरीवर ठेवला, बेल वाजवली आणि मागे सरली. दुसऱ्या दिवशी डबा परत आला. इतका लखलखीत घासलेला की सुरेखाला आपल्या घासणीची लाज वाटली, आणि आत तळलेल्या टोफूच्या पिशव्यांत भरलेला आंबटगोड भात. म्हणजे पुन्हा पाठवणं आलं. शेजारून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, साखरेची चिमूट का होईना घालायची, हे सुरेखाला आईच्या दुधाबरोबर मिळालं होतं. पण डबा तिचाच असल्यामुळे खरं तर बाईंनी भात घालून परत केला तिथे हिशेब संपायला हवा होता. तसा तो संपेना. सुरेखाच्या मते त्यांनी दिलेल्या भाताचं देणं तिच्यावर चढलं, आणि बाईंच्या मते घेतलेल्या प्रत्येक वस्तूची परतफेड केल्याशिवाय झोप लागणं शक्य नव्हतं. चकल्या गेल्या, तर सोया सॉसमध्ये भाजलेल्या तांदळाच्या चकत्या आल्या. सुरळीच्या वड्या गेल्या, तर पिवळाधमक मुळा आला, कोंड्यात मुरवलेला. "हे दोन देशांमधलं युद्ध थांबणार कधी?" आशुतोष विचारायचा, आणि मुळ्याचा तुकडा तोंडात टाकायचा. संहिता वरून ओरडायची, "आई, दिस इज लिटरली अ डेडलॉक. समवन हॅज टू स्टॉप." पण थांबायचं कुणी? थांबणं म्हणजे हरणं नव्हे, त्याहून वाईट, थांबणं म्हणजे रीत सोडणं. दोघींपैकी एकीनेही ते केलं नसतं.

घरात तिघांचं जपान तीन तऱ्हांचं होतं. आशुतोषचं जपान म्हणजे सकाळी सातचे कॉल, तिथले पुरवठादार, मिनिटाची चूक नाही आणि तोंडावर नकारही नाही. संहिताचं जपान मोठ्या डोळ्यांच्या मुलींचं, पडद्यावरचं. सुरेखाचं जपान डब्यातून आलं, थोडं थोडं, आणि तिला वाटायचं की खरं तेच. सप्टेंबरात भाताच्या लाडवांवर लाल घेवड्याचं गोड सारण थापून आलं आणि तिने पहिल्या घासाला म्हटलं, अरे, हे तर पुरणच. बाईंना विचारलं तेव्हा कळलं की हे त्या दिवसांत गेलेल्या माणसांसाठी करतात, आधी त्यांच्यापुढे ठेवायचं आणि मग आपण खायचं. भारतात त्याच आठवड्यात पितृपक्ष सरला होता. हिवाळ्यात आली खारवलेली आंबट फळं, सुरकुतलेली, लाल, जिभेला झिणझिण्या आणणारी. बाईंची थोरली बहीण मात्सुए नावाच्या गावात दर उन्हाळ्यात ती टोपल्यांतून उन्हात वाळवायची आणि बरणी भरून धाकटीला धाडायची. "मला तिनेच वाढवलं," बाई म्हणाल्या होत्या, डचमध्ये. दोघींचं डच सारखंच लंगडं, त्यामुळे त्यांना एकमेकींचं नीट कळायचं. शुद्ध बोलणाऱ्या डच शेजाऱ्यांचं निम्मं डोक्यावरून जायचं. त्याच दिवशी बाईंनी झाकणावरच्या टिंबांवरून बोट फिरवत विचारलं होतं, हे काय लिहिलंय? आईचं नाव, सुरेखा म्हणाली. त्यानंतर बाई तो डबा नेहमी दोन हातांनी द्यायच्या आणि घ्यायच्या.

आणि आता हा असा. सुरेखा ओट्याशी उभी राहिली आणि डब्याकडे बघत राहिली. वड्यांत हिंग जास्त झाला असेल का? मिरची? पण मिरची तर त्यांना आवडायची. मग तिला ते आठवलं जे आठवायचं ती टाळत होती. आठवडाभर टीव्हीवर भारत होता. रांगा, सिलिंडरं, आणि ज्यांच्याकडे बघवत नव्हतं ती मैदानं. भारतातून येणारी विमानं बंद झाली होती आणि विषाणूच्या नव्या प्रकाराला सगळे सरळ भारतीय प्रकार म्हणत होते, भारतीय मसाला म्हणावं तसं. परवाच आल्बर्ट हाइन सुपरमार्केटमध्ये टोमॅटो निवडताना एक बाई सुरेखाकडे बघून ट्रॉलीसकट मागे सरली होती. सुरेखा वर्षभरात मिरजेला गेली नव्हती, एवढंच काय, आइंडहोवनच्या पलीकडे गेली नव्हती. पण तोंडावर लिहिलेलं असतं ना. तेव्हा हे असं होतं तर. नळाखाली डबा धरायलासुद्धा भीती वाटली असेल. आलं तसं परत. आणि लगेच, दूध उतू यावं तसा, राग आला. त्या डच बाईचं काही नाही. ती कोण, मी कोण. पण यांनी? ज्यांना वीतभर झाडण्यातला अर्थ कळतो त्यांनी?

"मे बी शी जस्ट फरगॉट," जेवताना संहिता म्हणाली.

"जपानी माणूस विसरतो?" आशुतोष म्हणाला. "अगं, पण तू जाऊन विचार ना सरळ. त्यात काय."

"मी विचारू?" सुरेखा म्हणाली. "माझ्या आईच्या नावाचा डबा खरकटा परत आला आणि मी दारात जाऊन विचारू, की का हो बाई, आम्ही काय केलं?"

"आई, शांत."

"मी शांतच आहे."

ती खरंच शांत होती. तिने डबा घासला, दोनदा घासला, पुसला आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिला, पुन्हा हात पोचू नये इतका मागे. कुणी आपल्याला नको म्हटलं तर त्याच्या दारात पुन्हा जायचं नाही. एवढा स्वाभिमान कमलताईंच्या मुलीत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पडद्याआडून पाहिलं. नागासेबाई झाडत होत्या, आणि रेघेवर थांबल्या. अगदी रेघेवर. खराटा हद्दीपर्यंत आला, उचलला गेला आणि मागे फिरला. चेस्टनटच्या फुलांचा सडा सुरेखाच्या बाजूला तसाच पडून राहिला. झालं, ती मनाशी म्हणाली, शिक्कामोर्तबही झालं. आणि तरी पुढचे काही दिवस ती दर सकाळी त्या पडद्याशी जायची. तिला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं, पण तिच्या दिवसाला आता कणा नव्हता. उद्या डब्यात काय घालायचं, हा विचार गेलं वर्षभर तिला झोपेतून उठवत होता. त्या विचाराच्या जागी नुसती फळीवरची ती चमक होती. आशुतोषचे कॉल चालत, संहिताचं हसू वरून येई, आणि सुरेखा कांदा चिरताना थांबायची आणि कशासाठी चिरतेय ते विसरायची. वाईट वाटतंय हे ती कबूल करायला तयार नव्हती. ती म्हणायची, मला राग आलाय.

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी तिने मिरजेला भावाला व्हिडिओ कॉल लावला. सतीश पडद्यावर आला तो दाढी वाढलेला, मागे घर गप्प. "आमच्याकडे काही नाही गं यंदा," तो म्हणाला. "हरिहरकाका गेले मंगळवारी. दवाखान्यातच. कुणाला बघताही आलं नाही." हरिहरकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, लहानपणी सुरेखाला सायकलच्या दांडीवर बसवून हिंडवणारे. सतीश पुढे म्हणाला, "आम्हाला सुतक आहे. मालिनीने शेजारच्यांकडे आमरस पाठवायचा बेत केला होता, तो राहिला. आता दहा दिवस आपल्या घरातलं कुणाकडे काही जायचं नाही. तुला नाही हं सुतक, तू सासरची." एरवी त्या शेवटच्या वाक्याने ती दुखावली असती. पण ती ते ऐकतच नव्हती. फोन हातात तसाच राहिला आणि न्यूनेनचं स्वयंपाकघर तिच्या भोवतीने विरत गेलं.

बाबा गेले तेव्हा ती अकरा वर्षांची होती. चूल पेटायची नव्हती. शेजारच्या बाळासाहेबांच्या घरून पिठलं-भात आला, पितळी डब्यात, वरून फडकं बांधलेलं. दुसऱ्या दिवशी आईने तो डबा सुरेखाच्या हातात दिला. आत पिठल्याचे डाग तसेच वाळलेले. "धुऊन देऊ?" सुरेखाने विचारलं. "नको," आई म्हणाली. "तसाच दे. आपल्या घरातलं आता काही कुणाच्या घरी जाऊ द्यायचं नाही, पाण्याचा थेंबसुद्धा. हे आपलं आपल्यापाशी राहू दे." आई रडत नव्हती. आलेल्यांपैकी कुणापुढेही ती रडली नव्हती. सुरेखाला मात्र त्या रिकाम्या, खरकट्या डब्याची इतकी लाज वाटली की तिने तो पाठीमागे लपवला आणि भिंतीच्या कडेकडेने गेली. दारात बाळासाहेबांची बायको उभी होती. सुरेखाने खाली मान घालून डबा पुढे केला. काकींनी आत बघितलंच नाही. दोन्ही हातांनी घेतला, जणू आत काहीतरी आहे आणि ते सांडेल, आणि मग तिच्या डोक्यावर हात ठेवला. संध्याकाळी तोच डबा घासून, पुन्हा भरून सुरेखाच्या घरी आला होता. इतकी वर्षं तिला ती लाज आठवत राहिली होती. काकींचे हात आज पहिल्यांदाच आठवले.

"सुरेखा? ऐकू येतंय का?" सतीश विचारत होता. "मी करते नंतर," ती म्हणाली.

रेघेवर थांबलेला खराटा. एक शब्द न बोलता, नेहमीपेक्षा जास्त वेळ वाकलेली ती पाठ. सगळं तिच्या डोळ्यांपुढे होतं आणि तिने त्यातून काय वाचलं, तर आल्बर्ट हाइनमधली ट्रॉली! दुरून कुणी आपल्याला परकं समजलं म्हणून चिडलेली ती, शेजारच्या बाईला सरळ परकं समजून मोकळी झाली होती. स्टुलावर चढून तिने डबा काढला. बेसन भिजवलं, लसूण ठेचली, फोडणीत हिरवी मिरची नेहमीपेक्षा कमी घातली. भात लावला. पुरी नाही, गोड नाही, वर खोबरं-कोथिंबीर काही नाही. दुःखाच्या घरी जे जातं तेच. स्वच्छ पंचा बांधला. आशुतोष मीटिंगमध्ये होता, त्याने भुवया उंचावून विचारलं, तिने हाताने सांगितलं, नंतर.

आज ती डबा पायरीवर ठेवून मागे सरली नाही. मास्क चढवून, डबा दोन्ही हातांत धरून दारातच उभी राहिली. नागासेबाईंनी दार उघडलं, तिला इतक्या जवळ पाहून दचकल्या, डब्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिल्या.

"कोण गेलं?" सुरेखाने विचारलं. डचमध्ये हे कसं सौम्यपणे विचारतात ते तिला येत नव्हतं.

बाईंनी दार पूर्ण उघडलं. आत घड्याळ टिकटिकत होतं. मग त्या म्हणाल्या, "बहीण. मात्सुएची." आणि थोड्या वेळाने, "मला जाता आलं नाही. भाच्याने फोन धरला होता. मी फोनला नमस्कार केला."

सुरेखाने मान हलवली. हरिहरकाकांचं तिने सांगितलं नाही. आजचा दिवस त्यांचा नव्हता.

"आमच्याकडे, वाईट झालं की भांड्यात काही घालून देत नाहीत," बाई म्हणाल्या. "माझी आई धूतही नसे. ते पुढच्या घरी जायला नको. मला भीती वाटली होती, तुम्हाला राग येईल. सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे..." त्या थांबल्या. ताठ उभ्या होत्या, केस नीट बांधलेले, डोळे कोरडे. सुरेखाने ते कोरडे डोळे आधी एकदा पाहिले होते. "सांगायचं म्हणजे दुसऱ्यावर ओझं टाकणं. मग वाटलं, ही बाई डबा कधी रिकामा पाठवत नाही. हिला रिकाम्याचा अर्थ कळेल."

सुरेखाला वाटलं, म्हणावं, हो, लगेच कळला. जिभेवर आलंही. पण या बाईंपुढे खोटं बोलणं तिच्याच्याने होईना.

"उशिरा कळला," ती म्हणाली. "मला राग आला होता. फार."

नागासेबाईंच्या मास्कच्या वर डोळ्यांभोवती सुरकुत्या पडल्या, किती दिवसांनी. "पण आलात," त्या म्हणाल्या आणि दोन्ही हात पुढे केले. गरम डबा एका हातातून दुसऱ्या हातात गेला. बाईंचा अंगठा आपोआप, पंच्यावरूनच, झाकणावरच्या नावावर जाऊन थांबला. "तिने दिलेली बरणी अर्धी आहे अजून," त्या म्हणाल्या. "मी हळूहळू खाते आहे." आणि तेवढ्यावर त्यांचा आवाज जरा हलला, जरासाच, आणि त्यांनी तो लगेच सावरून घेतला. सुरेखाला त्या क्षणी त्यांचा विलक्षण अभिमान वाटला. आणि कुठल्या कुठे मिरजेच्या अंगणात ताठ बसलेल्या आपल्या आईचा. आणि चोरून थोडा स्वतःचाही, की जगाच्या या टोकाला, परक्या भाषेत, ही माणसं तिला ओळखता आली. घरी येताना तिने खराटा उचलला. आपल्यापुढची वाळलेली फुलं लोटली आणि झाडत झाडत रेघेपलीकडे गेली. वीतभर.

दोन दिवसांनी बेल वाजली, एकदाच, अर्धवट. सुरेखा दारात आली तोवर बाई फुटपाथच्या कडेला पोचल्या होत्या. पायरीवर डबा होता. बाई वाकल्या, सुरेखाही वाकली, तितकाच वेळ. मग तिने खाली बसून दोन्ही हातांनी डबा उचलला. या वेळी हात चुकला नाही. जेवढा लागतो तेवढाच जोर तिने लावला होता. झाकण तिने उघडलं नाही, पण कडेला पिठल्याचा पिवळा, वाळलेला डाग दिसत होता.

"काय आलं गं आज?" टेबलावरून आशुतोषने विचारलं.

"रिकामा आलाय," सुरेखा म्हणाली, बोर्डात आल्याचं सांगावं तशी, आणि डबा घासायला घेतला.